चावी कोणाच्या नावावर?

(समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'केंद्रातील नोंदी व संगणक' असं छापलंय. ते वाचून मघाशी चहाच्या वेळी दोघीतिघींनी विचारलं, "म्हणजे तुझ्या सत्राला जरा डुलकी काढली तर चालेल ना?" चालेल. फक्त पहिली पाच मिनिटं ऐका, मग ठरवा.

मी एम.एस.डब्ल्यू. केलं. केस कशी लिहायची, गोपनीयता कशी पाळायची, हे आम्हाला नीट शिकवलं होतं. नोंदवही कपाटात ठेवा, कपाटाला कुलूप लावा. पण ती नोंदवही यंत्रात गेली की कुलूप कुठे असतं आणि चावी कुठे असते, हे कोणी शिकवलं नाही. ते मी एका मंगळवारी संध्याकाळी स्वतःच्या चुकीतून शिकले.

त्या आठवड्यात गुरुवारी एका ताईची कोर्टाची तारीख होती. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तिने अर्ज केला होता. तीन वर्षं ती आमच्याकडे येत होती. प्रत्येक भेटीची तारीख, अंगावरच्या खुणांचे फोटो, नवऱ्याबरोबर झालेल्या बैठकांचा वृत्तान्त, सगळं आमच्या एकुलत्या एका लॅपटॉपमध्ये. वकीलताईंना त्याच्या प्रती बुधवारी हव्या होत्या.

मंगळवारी निघताना मी लॅपटॉप बंद करायला गेले तर त्याने अपडेट सुरू केलं. पडदा काळा झाला. आत पंखा जोरात फिरतोय, बाकी हालचाल नाही. दहा मिनिटं वाट पाहिली. शेवटची एसटी निघायची वेळ झाली. मला वाटलं, अडकलं. बटण दाबून धरलं आणि बंद केलं. पुन्हा चालू केलं तर दिवा लागला, पंखा फिरला, पडदा मात्र काळा तो काळाच.

तेव्हा मला जे माहीत नव्हतं ते आधी तुम्हाला सांगते, म्हणजे तुमची रात्र माझ्यासारखी जाणार नाही.

लॅपटॉपमध्ये आपल्या दृष्टीने दोन जागा महत्त्वाच्या. एक डिस्क. आपल्या फायली, फोटो आणि विंडोज हे सगळं तिथे. दुसरी जागा म्हणजे मदरबोर्डवरची एक छोटी चिप, तांदळाच्या दोनचार दाण्यांएवढी. यंत्राला जागं करणाऱ्या सूचना तिच्यात लिहिलेल्या असतात. त्यालाच फर्मवेअर म्हणतात. जुने लोक बायॉस म्हणतात, नवीन यंत्रांत त्याचं नाव यूईएफआय. बटण दाबलं की यंत्र आधी ही चिप वाचतं. तिच्या सांगण्यावरून मेमरी, पडदा, कळफलक जागे होतात आणि मग काम डिस्ककडे जातं. मंगळवारी ही चिप पुसून नव्याने लिहिली जात होती आणि लिहिणं अर्ध्यावर असताना मी वीज तोडली. यंत्राला आपण जागं कसं व्हायचं हेच आठवेना. पण डिस्कला धक्काही लागलेला नव्हता. दाराचं कुलूप बिघडलं म्हणून घरातली भांडी जात नाहीत, तसं.

बुधवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने बटण दाबून पाहिलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "मदरबोर्ड गेला मॅडम. डाटापण गेला समजा. ठेवून जा, बघतो. इथे पासवर्ड लिहून द्या." त्याने पावतीपुस्तक पुढे केलं. मी पेन हातात घेतलं. खरं सांगते, पासवर्डची पहिली दोन अक्षरं मी लिहिलीसुद्धा.

मग माझं लक्ष बाकावर गेलं. तिथे चारपाच पुरुष गप्पा मारत बसले होते. तालुक्याचं गाव. कोण कोणाचा मेहुणा, कोण कोणाचा मित्र, सांगता येत नाही. आणि मी दीडशेच्या वर बायकांचं आयुष्य त्या टेबलावर ठेवून पावती घेणार होते. मी लिहिलेलं खोडलं, लॅपटॉप पिशवीत घातला आणि परत आले.

केंद्रात आमच्या मावशी झाडत होत्या. त्या एकेकाळी केस म्हणूनच आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "माझंबी त्यातच हाय का?" मला उत्तर देता आलं नाही. दुपारी ती ताई आली. तिला खरं सांगणं भाग होतं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मी तर तुम्हाला सगळं सांगून मोकळी झाले होते. आता परत पहिल्यापासून सांगायचं का?" मैत्रिणींनो, हे वाक्य मी विसरू शकत नाही. आपण नोंद घेतो म्हणजे तिचं ओझं आपल्याकडे घेतो. ते सांभाळता आलं नाही तर ते पुन्हा तिच्याच डोक्यावर जातं.

मग आम्ही काय केलं? बचतगटातल्या एकीची मुलगी पॉलिटेक्निकला आहे, तिला बोलावलं. तिने क्रमाने जे केलं ते लिहून घ्या.

पहिलं, घाई नाही. चार्जर लावून अर्धा तास यंत्राला हात लावायचा नाही. काही यंत्रांत चांगल्या फर्मवेअरची दुसरी प्रत असते. ती दोनचारदा आपोआप बंद-चालू होऊन स्वतःला सावरतात. आपण मध्येच बटण दाबलं तर तेही बिघडतं.

दुसरं, चार्जर आणि बाकीच्या वायरी काढून बटण तीस सेकंद दाबून धरायचं. आत साठलेली वीज निघून जाते. मग चार्जर लावून पुन्हा पाहायचं.

तिसरं, कंपनीने ठेवलेला चोरदरवाजा. यंत्राच्या पाठीवर मॉडेल नंबर असतो. दुसऱ्या संगणकावरून कंपनीच्याच साइटवर जाऊन नेमक्या त्या मॉडेलची फर्मवेअरची फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची. पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने तयार केलेला लागतो. मग ठरावीक कळा दाबून यंत्र चालू करायचं. एचपीच्या बऱ्याच यंत्रांत विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि बी दाबून धरून पॉवरचं बटण दाबतात. डेलच्या अलीकडच्या बऱ्याच यंत्रांत कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून चार्जर लावतात. बाकीच्यांचं त्या त्या कंपनीच्या साइटवर असतं. न जुळणाऱ्या मॉडेलची किंवा भलत्याच ठिकाणची फाइल कधी घालायची नाही.

आमचं यंत्र यातल्या कशालाच बधलं नाही. मग चौथं. खालचे स्क्रू काढून तिने डिस्क बाहेर काढली. च्युइंगमच्या पट्टीएवढी. काही पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच जोडलेली असते, तिथे हे जमत नाही. आमची निघाली. ती एका डबीत बसवून यूएसबीने दुसऱ्या संगणकाला लावली. मी म्हटलं, सुटलो. तर पडद्यावर आलं: ही डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे, अठ्ठेचाळीस आकड्यांची रिकव्हरी की द्या.

तसं पाहिलं तर आनंद व्हायला हवा होता. डिस्क कुलूपबंद होती म्हणजे दुकानदाराला नुसती डिस्क काढून काही वाचता आलं नसतं. पासवर्ड मात्र मीच त्याला लिहून देत होते! पण आता आम्हीच बाहेर. ही की असते कुठे? बहुतेक वेळा ज्याने यंत्र पहिल्यांदा सुरू केलं त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात. आमचं यंत्र कोणी सुरू करून दिलं होतं? एका हितचिंतकांच्या पुतण्याने, तीन वर्षांपूर्वी, स्वतःच्या खात्याने.

रात्री अकराला त्याला फोन लागला. मुलगा भला. त्याने खातं उघडलं आणि सहासहा आकड्यांचे आठ गट वाचून दाखवले. डिस्क उघडली. सगळं जागच्या जागी होतं. गुरुवारी सकाळी प्रती वकीलताईंच्या हातात होत्या आणि ताईला परत पहिल्यापासून सांगावं लागलं नाही.

पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण बायकांना विचारतो, घर कोणाच्या नावावर? सातबारा कोणाच्या नावावर? बँकेचं खातं कोण चालवतं? आणि आमच्याच केंद्रात दीडशे बायकांच्या गुपितांची चावी तीन वर्षं एका परक्या मुलाच्या नावावर होती. त्याने गैरवापर केला नाही हा त्याचा चांगुलपणा. पण 'नवरा चांगला आहे, मग घर त्याच्या नावावर असलं तर काय बिघडलं' हे आपण ऐकून घेतो का?

लॅपटॉपचं काय झालं तेही सांगते. डिस्क आमच्या कपाटात ठेवली आणि नुसतं यंत्र जिल्ह्याच्या गावी एका दुसऱ्या दुकानात नेलं. 'दुरुस्त करता का' असं न विचारता 'बायॉसची चिप प्रोग्रॅम करता का' असं विचारलं. त्या माणसाने चिपला चिमटा लावला. आधी तिच्यातला जुना मजकूर उतरवून ठेवला, कारण त्यात यंत्राचा अनुक्रमांक आणि बहुधा विंडोजचा परवानाही असतो. मग नवीन लिहिलं. मदरबोर्ड काही गेला नव्हता. डिस्क परत बसवल्यावर यंत्राने पुन्हा ते अठ्ठेचाळीस आकडे मागितले. चिप बदलली की ते मागतंच. पण या वेळी कागद आमच्याजवळ होता.

यावरून कोणी असा अर्थ काढू नका की अपडेट करूच नये. फर्मवेअरमध्येही भोकं सापडतात. २०२३च्या डिसेंबरात 'लोगोफेल' नावाच्या त्रुटी उघड झाल्या, त्या तर सुरुवातीला दिसणाऱ्या कंपनीच्या चित्राच्या वाटेने आत शिरू देणाऱ्या. अपडेट करायचं, पण सकाळी, चार्जर लावून, नोंदींची दुसरी प्रत काढून, बिटलॉकर तात्पुरतं थांबवून. आणि एसटीची घाई नसताना.

आमच्या केंद्राने आता काही नियम केलेत. यंत्र संस्थेच्या खात्यावर. रिकव्हरी की कागदावर लिहून दोन पाकिटांत, दोन कार्यकर्त्यांकडे. दर शुक्रवारी नोंदींची कुलूपबंद प्रत दुसऱ्या डिस्कवर. कोर्टाची तारीख असलेल्या केसचे कागद आठवडाभर आधी छापून फायलीत. दुरुस्तीला यंत्र जाईल, डिस्क जाणार नाही. पासवर्ड कुठल्याही पावतीवर लिहिला जाणार नाही.

पूर्वी आपल्या आरोग्य शिबिरांत बायका स्वतःच्या शरीराची चित्रं काढायला शिकल्या. आधी लाजल्या, मग म्हणाल्या, इतकं सोपं होतं तर आम्हाला कोणी सांगितलं का नाही? लॅपटॉपचं झाकण उघडलेलं पाहून आमच्या मावशी नेमकं तेच म्हणाल्या. आता शुक्रवारची प्रत त्याच काढतात.

डुलकी कोणी काढली नाही, आभारी आहे. आता गटचर्चेला बसू. प्रत्येकीने आपल्या केंद्रापुरतं एवढंच सांगायचं: तुमची चावी कोणाच्या नावावर आहे?