अंगण वांकडें असतें तेव्हां

‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण मराठी घरांतील मुलाला लहानपणापासून ऐकावी लागते. पतंग कापला गेला, चेंडू यष्टीवर बसला, कीं कोणी तरी वडील माणूस ती सुनावतोच. आणि बहुधा तें खरेंही असतें. परंतु संगणकावरील खेळांत अंगण खरोखरीच वांकडें असण्याचा संभव असतो, आणि तें वांकडेपण डोळ्यांना दिसत नाहीं.

दिवाळींत एखाद्या घरीं नवा, भिंत व्यापणारा टीव्ही येतो. घरांतील मुलगा आपलें खेळाचें यंत्र त्याला जोडतो, आणि कालपर्यंत जिंकणारा मुलगा आज हरूं लागतो. चित्र पूर्वीपेक्षां कितीतरी सुंदर. पण उडीची कळ दाबावी, तर गडी खड्ड्यांत पडतो. वडील म्हणतात, सराव सुटला. मुलालाही तसेंच वाटूं लागतें. दोष हाताचा कीं पडद्याचा, हा प्रश्न कोणाच्याच मनांत येत नाहीं.

अशा खेळांत हात आणि डोळा यांच्यामध्यें एक लांब वाट असते. बोटानें कळ दाबली कीं ती आज्ञा संगणकाकडे जाते. संगणक तिच्याप्रमाणें पुढचें चित्र रचतो. तें चित्र केबलमधून मॉनिटरकडे येतें. आणि मॉनिटर तें आपल्या पद्धतीनें सिद्ध करून पडद्यावर प्रकट करतो. चित्र मॉनिटरच्या दाराशीं पोंचल्यापासून तें डोळ्यांना दिसेपर्यंत जो वेळ जातो, त्याला मॉनिटरचा ‘इनपुट लॅग’ म्हणतात. मराठींत त्यास पडद्याचा विलंब म्हणतां येईल.

हा विलंब मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, मोजतात. एवढ्याशा वेळाची मातब्बरी ती काय, असें कोणी म्हणेल. पण प्रकाश दिसल्यावर बोट हलविण्यास मनुष्याला साधारणपणें २०० ते २५० मिलिसेकंदच लागतात. सारख्या कसबाच्या दोघां खेळाडूंपैकीं एकाच्या पडद्यानें १० मिलिसेकंद खाल्ले आणि दुसऱ्याच्या पडद्यानें ८०, तर दुसरा गडी प्रत्येक प्रसंगीं ७० मिलिसेकंद मागून धांवत असतो. आणि आपण मागें उभे आहों हें त्याचें त्यालाच ठाऊक नसतें.

या गोष्टीचा एक निर्जीव साक्षीदार आहे. जपानच्या निन्टेंडो कंपनीनें १९८४ सालीं ‘डक हंट’ नांवाचा खेळ काढला. पडद्यावर उडणाऱ्या बदकांवर प्लॅस्टिकच्या बंदुकीनें नेम धरावयाचा, असा तो खेळ. बंदुकींतून कांहींच सुटत नसे. तिच्या नळींत प्रकाश ओळखणारा एक लहानसा डोळा बसविलेला होता. चाप ओढतांच सारा पडदा क्षणभर काळा होई, आणि लगेच बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटे. तो चौकोन ठरल्या वेळीं बंदुकीला दिसला तर बदक पडे. नाहीं तर नेम चुकला असें ठरे. जुन्या कांचनळीच्या पडद्यावर, म्हणजे सीआरटीवर, हा हिशेब बरोबर जमे. तीच बंदूक आजच्या सपाट पडद्यासमोर धरली, तर नेम कितीही अचूक असो, बदक पडत नाहीं. ती सीआरटीच्या लुकलुकत्या प्रकाशासाठींच घडविलेली होती, हें त्याचें एक कारण. दुसरें असें कीं, सपाट पडद्यावर पांढरा चौकोन उशिरां येतो, आणि तोंवर खेळानें निकाल देऊन टाकलेला असतो. बंदुकीचा सराव सुटला, असें तर कोणी म्हणूं शकत नाहीं!

मग सपाट पडदा हा वेळ करतो तरी काय? सीआरटीवर संदेश जसजसा येई, तसतसा किरण रेघा ओढीत जाई. सपाट पडदा मात्र पुष्कळदां आलेलें चित्र आधीं सांठवितो; मग तें आपल्या मापाला ताणतो, रंग खुलवितो, कडा रेखतो. हालचाल मऊ भासावी म्हणून कित्येक टीव्ही दोन चित्रांच्या मध्यें स्वतः बनविलेलें तिसरें चित्र घालतात. आणि मधलें चित्र बनवावयाचें, तर पुढचें येईपर्यंत थांबावेंच लागतें. चित्रपट पाहणाराला या थांबण्याची बाधा होत नाहीं, कारण आवाजही तितकाच मागें ठेवतां येतो. खेळणाराचा हात मात्र मागें ठेवतां येत नाहीं. म्हणूनच २००१ सालच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’ या खेळाचे कसलेले खेळाडू स्पर्धांसाठीं अजूनही जड सीआरटी वाहून नेतात.

बाजारांत खरी फसगत होते ती एका आंकड्यानें. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो कीं तालुक्याच्या दुकानांत असो, खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१ मिलिसेकंद’ असें छापलेलें असतें, आणि गिऱ्हाईक समजतें कीं पडद्याचा विलंब तो एवढाच. वस्तुतः तो आंकडा ‘रिस्पॉन्स टाइम’चा असतो. पडद्यावरील ठिपक्याला एका छटेवरून दुसऱ्या छटेवर जाण्यास लागणारा तो वेळ होय, आणि तोही बहुधा सर्वांत अनुकूल स्थितींत मोजलेला. तो वाढला तर हलत्या वस्तूमागें पुसट सांवली ओढली जाते. विलंब ही निराळी गोष्ट आहे. पोस्टमननें पत्र हातांत ठेवण्यास लावलेला वेळ एक, आणि तें पत्र टपालकचेरींत पडून राहिलें तो वेळ दुसरा. पोस्टमन कितीही चपळ असला, तरी कचेरींत गेलेले दिवस परत येत नाहींत.

दुसरा आंकडा हर्ट्झचा. आणि तो विलंबाशीं खरोखर निगडित आहे. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० चित्रें दाखवितो, म्हणजे एका चित्रास सुमारें १६.७ मिलिसेकंद लागतात. चित्र वरून खालीं रेखलें जात असल्यामुळें अशा पडद्यानें स्वतः कांहींच वेळ काढला नाहीं, तरी त्याचा मध्यभाग ८ मिलिसेकंदांनीं मागें असतो. १४४ हर्ट्झला एका चित्राचा वेळ ६.९, २४० हर्ट्झला ४.२ आणि ३६० हर्ट्झला २.८ मिलिसेकंद होतो. यांतील गोम अशी कीं, ६० वरून १४४ वर जातांना जवळजवळ १० मिलिसेकंद वांचतात, आणि २४० वरून ३६० वर जातांना दीडही वांचत नाहीं. शिवाय संगणकाला तितकीं चित्रें रचतां आलीं पाहिजेत. नाहीं तर तो खर्च वायां जातो.

तेव्हां मॉनिटर घेण्यापूर्वीं खेळ कोणता तें ठरवावें. बुद्धिबळ किंवा नगरें वसविण्याचे खेळ खेळणारानें विलंबाची चिंता न करतां डोळ्यांना सुखावणारा पडदा घ्यावा. नेमबाजी, द्वंद्वयुद्ध किंवा तालाचे खेळ खेळणारानें मात्र यंत्रानें मोजलेला विलंब पाहावा. तो खोक्यावर क्वचितच असतो. स्वतंत्रपणें मॉनिटर तपासणाऱ्यांच्या अहवालांत मिळतो. माप किती हर्ट्झवर घेतलें हेंही पाहावें; ६० आणि १४४ हर्ट्झवरील मापांची तुलना करणें व्यर्थ होय.

परंतु पैसे खर्च करण्यापूर्वीं एक फुकटचा उपाय करून पाहावा. बहुतेक नव्या टीव्हींत ‘गेम मोड’ असतो. तो चालू केला कीं चित्र नटविण्याची बरीचशी कामें बंद पडतात, आणि साध्या रीतीनें ५० किंवा १०० मिलिसेकंद मागें असणारा टीव्ही १० ते २० पर्यंत येऊं शकतो. खात्री करावयाची असेल तर सेकंदाला २४० चित्रें टिपणाऱ्या मोबाइलनें बोट आणि पडदा एकत्र टिपावे, आणि कळ दाबल्यापासून गडी हलेपर्यंत किती चित्रें गेलीं तीं मोजावीं. एक चित्र म्हणजे ४.२ मिलिसेकंद. या मापांत संगणकाचाही वेळ येतो. तरी गेम मोडच्या आधीं आणि नंतर मोजलें, तर त्यांतील फरक पडद्याचाच असतो.

दूरच्या गड्याशीं इंटरनेटवरून खेळतांना वाटेंत जो वेळ जातो, तो मात्र कोणताही मॉनिटर परत देऊं शकत नाहीं. आणि ज्याचा हातच मंद, त्याला महाग पडदा चपळ करीत नाहीं. म्हण खोटी नाहीं. तिचा निवाडा मात्र घाईनें होतो. दिवाळींतील त्या घरीं वडिलांनीं रिमोट उचलून गेम मोड लावून द्यावा, आणि मुलाला पुन्हां खेळूं द्यावें. मग तो हरला, तर म्हण सुनावण्यास ते मोकळे आहेत. आणि जिंकला, तर त्याच्या हाताला लावलेला दोष त्यांनीं मोकळ्या मनानें परत घ्यावा.