जमिनीतील जिवाणूंपासून प्लॅस्टिक
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



टोमॅटो, मिरची, कलिंगड या पिकांत आपण आच्छादनासाठी प्लॅस्टिकचा कागद अंथरतो. तण दबते, पाणी वाचते. पण पीक निघाल्यावर कागदाचे तुकडे रानातच राहतात आणि वर्षानुवर्षे कुजत नाहीत. मातीत कुजणारे प्लॅस्टिक बनवता येते, आणि ते बनवणारे जिवाणू मातीतच असतात.

१९२६ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञ मॉरिस लेमॉइन यांना बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूत असा पदार्थ आढळला. त्याला पीएचबी म्हणतात. आपल्या ओळखीचा अॅझोटोबॅक्टरही तो बनवतो. साखर भरपूर, पण नत्र किंवा स्फुरद कमी पडले की जिवाणूची वाढ थांबते. मग जास्तीचे अन्न तो पेशीत कणांच्या रूपाने साठवतो, जशी जनावराच्या अंगावर चरबी चढते. काही जिवाणूंत हे कण कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत भरतात. पेशी फोडून ते वेगळे काढले की प्लॅस्टिकचा कच्चा माल तयार होतो. मातीत गेल्यावर इतर जिवाणू आणि बुरशी त्याचाच फडशा पाडतात.

अडचण आहे ती खर्चाची. १ किलो पीएचबीसाठी सुमारे ३ किलो साखर लागते. म्हणून स्वस्त खाद्य हवे. साखर कारखान्याच्या मळीत निम्म्याच्या आसपास साखर असते. पनीर, चीज करताना उरणारी निवळीही चालते. ब्राझीलमध्ये साखर कारखान्याला जोडून असे प्लॅस्टिक बनवले गेले आहे. आपल्याकडे मळीला मद्यार्क आणि इथेनॉलसाठी मागणी असते, हेही हिशेबात धरावे लागेल. निर्जंतुक टाक्या, हवेचा पुरवठा, सामूवर नियंत्रण लागत असल्याने हे काम घरच्या घरी होणारे नाही. ते कारखान्यांनी आणि दूध संघांनी करावयाचे आहे.

तोपर्यंत दोन गोष्टी पाळा. ‘कुजणारा’ म्हणून कागद विकत घेताना तो शेतातील मातीत कुजतो काय, हे विचारा. काही प्रकार कंपोस्ट प्रकल्पातील ५८ अंशांच्या आसपासच्या उष्णतेतच कुजतात, तर काहींचे नुसते बारीक तुकडे होतात. आणि साधा कागद वापरला असेल तर रोटाव्हेटर फिरवण्यापूर्वी तो गोळा करा. जाळू नका. एकदा मातीत मिसळलेला तुकडा वेचून काढणे कोणालाच जमत नाही.