दोनशे बारची हवा



2022 मध्ये ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने कैरोला दहा मीटर एअर रायफलचं जगज्जेतेपद मिळवलं. दोन वर्षांनी, 1 ऑगस्ट 2024 रोजी, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ऑलिंपिक पदक जिंकलं. त्याची स्पर्धा काडतुसाच्या रायफलीची. पण आपल्याकडचा जवळपास प्रत्येक रायफल नेमबाज सुरुवात करतो ती हवेच्या बंदुकीवरच. कांबळवाडीचा मुलगा तिथवर जातो, मग आपल्या मराठवाड्यातल्या मुखेडची पोरं का नाहीत, असं आपण विचारतो आणि बोलणं लगेच बंदुकीच्या किमतीवर येतं. किंमत मोठी आहेच. पण चार दानशूर माणसांनी बंदूक घेऊन दिली, तरी दुसऱ्या महिन्यात एक प्रश्न उभा राहतो आणि त्यावर कोणी बोलत नाही: हवा कुठे भरायची?

स्पर्धेच्या बंदुकीत नळीखाली एक सिलिंडर असतो. त्यात साधारण पाव लिटरपेक्षा कमी जागा आणि 200 बार दाब. रेग्युलेटर त्यातली थोडी थोडी हवा ठरावीक दाबाने सोडतो, म्हणून पहिला छर्रा आणि साठावा छर्रा एकाच वेगाने जातो. दहा मीटरवरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा आहे. तिथे हा सारखेपणाच सगळं काही. एकदा भरला की सिलिंडर दोनशेच्या वर छर्रे देतो.

कल्पना जुनी आहे. 1780 च्या सुमारास, म्हणजे इकडे महादजी शिंदे इंग्रजांशी लढत होते त्या काळात, ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्दोनी नावाच्या कारागिराची हवेची बंदूक घेतली. तिच्या दस्त्यातच हवेची टाकी होती आणि ती भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार दट्टे लागत. मधल्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या बंदुका आल्या. पण हा वायू 31 अंशांच्या वर द्रवरूपात राहतच नाही आणि त्याचा दाब उन्हाबरोबर झपाट्याने चढतो. बेचाळीस अंशांच्या मराठवाड्यात अशा बंदुकीचा भरवसा कसा धरणार? साधी हवा इतकी बिथरत नाही. तरीही 27 अंशांना 200 बार भरलेला सिलिंडर साठ अंशांपर्यंत तापलेल्या बंद गाडीत ठेवला, तर तो 220 च्या पुढे जातो. सिलिंडर गाडीत विसरू नका.

आता भरायची कशी? पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर आठ-दहा बार देतो, त्याचा इथे उपयोग नाही. आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. कोविडनंतर ऑक्सिजनचे सिलिंडर गावोगाव दिसतात, म्हणून कोणाला तिकडून भरून घ्यायचा मोह होईल. कधीही नको. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा थेंब, ग्रीसचा डागही पेट घेतो. बंदूक गालाला लावलेली असते, हे विसरू नका. या सिलिंडरात फक्त कोरडी, स्वच्छ हवा जायला हवी.

उरले दोन मार्ग: हातपंप आणि मोठी बाटली. तीन टप्प्यांचा हातपंप स्वस्त आणि स्वतंत्र. पण त्याचा वैरी म्हणजे पाणी. रिकामा सिलिंडर पूर्ण भरायला बाहेरची चाळीस लिटर हवा लागते. श्रावणातल्या दमट हवेत तेवढ्यात पाऊण ग्रॅमहून अधिक वाफ असते, आणि आपल्याला कोरडी वाटणाऱ्या मे महिन्यातल्या हवेतही जवळपास अर्धा ग्रॅम. दाबल्यावर सिलिंडरात वाफ म्हणून राहू शकते ती जेमतेम ग्रॅमचा शंभरावा भाग. बाकी सगळ्याचं पाणी होतं. ते पंपाच्या गाळणीत अडलं नाही, तर आत जाऊन धातू खातं, रेग्युलेटर बिघडवतं. म्हणून पंप तापला की थांबायचं, निवू द्यायचं, खालच्या स्क्रूतून पाणी सोडायचं आणि गाळणी वेळेवर बदलायची.

शाळेच्या किंवा क्लबच्या रेंजसाठी माझं मत स्पष्ट आहे: 300 बारची मोठी बाटली घ्या, सर्वांत मिळून एक. 200 बारची घेतली तर पहिल्या भरण्यानंतरच बंदुकीत पूर्ण दाब येणं बंद होतं. 300 बारच्या दहा लिटर बाटलीतून अर्धा उतरलेला सिलिंडर भरला, तर बाटलीचा काटा जेमतेम दोन बार खाली येतो. वर्गातली सगळी मुलं भरून घेतील. मात्र तिचा धाक असू द्या. दहा लिटरमध्ये 200 बार दाबाने कोंडलेल्या हवेतही ताशी पंचेचाळीस किलोमीटरने धावणाऱ्या दहा टनी ट्रकएवढी ऊर्जा असते, 300 बारच्या बाटलीत तर त्याहून जास्त. अर्ध्या लिटरहून मोठे सिलिंडर केंद्राच्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात. ते नियम पाहणाऱ्या संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. बाटलीची पाण्याच्या दाबाखालची चाचणी मुदतीत झालीय का, हे तिच्या खांद्यावरच्या ठशात वाचा. ती भरून आणायला समुद्रात बुडी मारणाऱ्यांची केंद्रं आहेत, पण ती तारकर्लीसारख्या किनाऱ्यावर. अग्निशमन दलाचे जवान धुरात शिरताना पाठीवर असाच हवेचा सिलिंडर नेतात. तो भरणारा कॉम्प्रेसर जिल्ह्याच्या ठिकाणी असावा आणि खेळाडूंना तो वापरता यावा, ही मागणी आपण करायला हवी. मला ती बंदुकीच्या अनुदानापेक्षा मोलाची वाटते.

भरताना झडप हळूच उघडा. भसकन सोडली की हवा तापते, काटा दोनशे दाखवतो आणि निवल्यावर घसरतो. भरून झालं की आधी बाटलीची झडप बंद करायची, मग नळीतला दाब सोडायचा, मगच सिलिंडर काढायचा. हा क्रम मुलांकडून पाठ करून घ्या.

आणि ज्या पालकांनी जुनी बंदूक बघून ठेवलीय, त्यांच्यासाठी. सिलिंडरवर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात आणि मोठ्या स्पर्धेत ती तपासली जाऊ शकते. भाव ठरवण्याआधी ती तारीख वाचा. मुदत उलटली असेल, तर नव्या सिलिंडरची किंमत त्या भावातून आधी वजा करा.