कॉफीच्या टेबलावरील अभ्यास
(श्रीरामपूर येथील वार्षिक समाजमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला की त्यांस उपदेशाचे चार शब्द सांगावयाचे, हा आपल्या मेळाव्याचा प्रघात आहे. परंतु ही मुले अभ्यास करतात तरी कोठे आणि कसा, हे आपण वडीलधारी मंडळी क्वचितच पाहतो. म्हणून गेल्या परीक्षांच्या हंगामात काही दिवस आम्ही दुपारच्या वेळी गावातील एका कॉफीच्या दुकानात जाऊन बसलो. तेथे जे दिसले, ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या पिढीस श्रीरामपूर ठाऊक आहे ते चहाचे गाव म्हणून. बेलापूर स्टेशन, उसाच्या गाड्या, बाजारपेठ आणि उभ्याउभ्याने घेतलेला अर्धा कप चहा! तेव्हा कॉफीच्या एका पेल्यापुढे दोन-दोन तास बसलेली मुले पाहून प्रथम आमच्या कपाळास आठ्या पडल्या. पैशाची आणि वेळेची ही उधळपट्टी होय, असे कोणासही वाटावे. मात्र विचारपूस केली तेव्हा निराळाच प्रकार कळला.

एका मुलाने सांगितले, "काका, घरी दोन खोल्या आणि माणसे सात. दूरदर्शन रात्री अकरापर्यंत चालू." टाकळीभान, पढेगाव या बाजूची मुले कॉलेज सुटल्यावर एस.टी.ची वाट पाहत होती. मधले दोन तास काढावयाचे कोठे? एका मुलीचे उत्तर तर मनास लागले. ती म्हणाली, "घरी पुस्तक उघडले की कोणीतरी हाक मारतेच. इथे कोणी हाक मारीत नाही." तात्पर्य, ही मुले कॉफी विकत घेत नाहीत, एक खुर्ची, एक दिवा आणि दोन तासांची निश्चिंती विकत घेतात. ज्यांच्या खिशात तेवढेही पैसे नाहीत, ती मुले कोठे बसत असतील, याचा विचार आपणच करावा.

आता अभ्यासाच्या रीतीकडे वळू. बहुतेक मुले रंगीत पेनांनी ओळींखाली रेघा ओढीत होती आणि तेच पान पुनःपुन्हा वाचीत होती. मोबाइल टेबलावर उताणा पडलेला. तो उजळला की नजर तिकडे जाई आणि वाचलेली ओळ नव्याने शोधावी लागे. कोपऱ्यात मात्र दोघी मैत्रिणी होत्या. एकीने पुस्तक मिटावे आणि धडा तोंडी सांगावा, दुसरीने अडवून "का?" म्हणून विचारावे, मग पाळी बदलावी. त्यांच्या पुस्तकांत रेघा फार थोड्या होत्या.

या दोघींची रीतच खरी, याला शास्त्राचा आधार आहे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून पुढे तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे किंचित पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुनःपुन्हा वाचल्याने येते ती ओळख. आठवण्याच्या कष्टाने येते ते ज्ञान. घरी निरक्षर आजीसमोर बसून धडा सांगितला, तरी हाच लाभ होईल.

पण रीत शिकवून जागेचा प्रश्न सुटत नाही. हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी ओळखला होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभारण्यास चालना दिली, ती याच कारणाने: शाळा असून भागत नाही, मुलास अंग टेकावयास आणि पुस्तक उघडावयास जागा हवी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास जे वसतिगृह काढले, त्यात तर सर्व जातींची मुले एका पंगतीस जेवली आणि एकत्र शिकली. त्यांच्याच रयत शिक्षण संस्थेने १९६० साली आपल्या गावात महाविद्यालय सुरू केले. रावबहादूर नारायणराव बोरावके यांचे नाव ते अभिमानाने मिरविते. या मेळाव्यातील कित्येक घरांत पहिली पदवी तेथूनच आली आहे.

मग आपण काय करावे? आमची सूचना साधी आहे. समाजाचे कार्यालय लग्नसराई सोडली तर बहुतेक दिवस कुलूपबंद असते. त्यातील एक दालन अभ्यासिका म्हणून उघडावे. वीस खुर्च्या, चांगले दिवे, पिण्याचे पाणी, मोबाइल ठेवण्यास दाराशी एक फळी, आणि पाळीपाळीने देखरेख करणारे दोन निवृत्त गृहस्थ किंवा भगिनी, एवढ्यावर काम भागेल. मुलींसाठी निम्म्या जागा राखाव्यात आणि वेळ शेवटच्या एस.टी.शी जुळवून घ्यावी. शेजारी एक लहान खोली बोलून अभ्यास करणाऱ्यांसाठी असावी, म्हणजे वाचणाऱ्यांस त्रास होणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी काही मंडळींस कदाचित रुचणार नाही. ही अभ्यासिका केवळ आपल्या ज्ञातीपुरती असू नये. जागा आपली असावी, दार मात्र सर्वांस मोकळे असावे. त्या कॉफीच्या टेबलाशी बसलेल्या दोघी मैत्रिणींपैकी एकच आपल्या समाजाची होती. आपण एकीस आत घेऊन दुसरीस दाराबाहेर ठेवले, तर दोघींचाही अभ्यास बुडेल. कर्मवीरांच्या संस्थेत शिकलेल्या समाजास हे अधिक सांगणे न लगे.

आजच्या सत्कारात पदके पुष्कळ वाटली गेली. पुढील वर्षीच्या मेळाव्यापूर्वी पदकांच्या खर्चातील थोडा भाग खुर्च्यांकडे वळावा, एवढीच कार्यकारी मंडळास विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!