सर्व्हरची वीज आणि बारवीचे पाणी



खरवई हे एकेकाळचे शेतीचे गाव आज कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत असून त्याच्या शेजारी औद्योगिक वसाहत उभी आहे. या भागातील उद्योगांना पाणी पुरविणारे बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने 1972 मध्ये बांधले. बारवीचे पाणी जांभूळ येथे शुद्ध होऊन पुढे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याकडेही जाते. त्या पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे येथे गेल्या काही वर्षांत एक नवाच उद्योग आला आहे. त्याला धुराडे नाही, भोंगा नाही, कामगारांची पाळी सुटल्याची गर्दीही नाही. ही डेटा सेंटरे, म्हणजे सर्व्हर नावाच्या हजारो संगणकांची कोठारे होत. मोबाइलवरून केलेला पैशाचा व्यवहार असो की आगगाडीचे आरक्षण, त्यामागे कोठे तरी असे कोठार अहोरात्र चालू असते.

हा उद्योग आता खरवईच्याही जवळ येऊ पाहत आहे. डोंबिवलीलगतच्या पलावा येथे ‘हरित’ डेटा सेंटर उद्यान उभारण्यासाठी राज्य शासन व लोढा डेव्हलपर्स यांच्यात सप्टेंबर 2025 मध्ये 30,000 कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाला. सूर्य व वारा यांपासून मिळणाऱ्या विजेवर सर्व्हर चालविले, म्हणजे पर्यावरणाचे खरोखर भले होते काय, हा प्रश्न म्हणूनच येथील माणसाचा प्रश्न झाला आहे.

प्रथम हिशेब पाहावा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे 41,500 कोटी युनिट वीज वापरली. एकूण वापराच्या हे सुमारे दीड टक्का होते. 2030 पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल असे तीच संस्था म्हणते. आयर्लंडसारख्या लहान देशात तर 2023 मध्ये मीटरवर मोजलेल्या विजेपैकी 21 टक्के वीज या केंद्रांकडे गेली. भारतात एक युनिट वीज निर्माण होताना सरासरीने सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण निम्म्याहून अधिक वीज अद्याप कोळशाची आहे. तेव्हा कोळशाच्या जागी सौर वीज आली तर लाभ होतो, यात शंका नाही. शंका आहे ती ‘जागी आली’ या शब्दांविषयी.

एकूण भार केवळ 1 मेगावॅट असलेले लहानसे केंद्र घेतले, तरी त्याला दिवसाला 24,000 युनिट लागतात. महाराष्ट्राच्या उन्हात 1 मेगावॅटचा सौर प्रकल्प दिवसाला सुमारे 4,500 युनिट देतो. म्हणजे त्या लहान केंद्रासाठी पाच मेगावॅटहून अधिक सौर पट्ट्या आणि वीस-पंचवीस एकर जमीन हवी. ती जमीन ऐरोलीत नसते. ती सोलापूरकडे, मराठवाड्यात किंवा धुळ्याकडे असते. दिवसा तेथे वीज अधिक होते व ती महाजालात जाते. रात्री सर्व्हर त्याच महाजालातून वीज घेतात, आणि त्या वेळी ती बहुतांशी कोळशाची असते. वर्षाअखेरीस दोन्ही आकडे जुळतात व केंद्र ‘शंभर टक्के हरित’ ठरते. हे असत्य नव्हे. दिवसा तितका कोळसा वाचलेला असतो. परंतु रात्री जळालेला कोळसाही खराच असतो. गूगल या कंपनीने 2017 मध्ये असा वार्षिक मेळ साधला. पुढे 2020 मध्ये तिनेच, 2030 पर्यंत प्रत्येक तासाची वीज कार्बनमुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. वार्षिक मेळ पुरेसा नाही, याची ती कबुलीच होती.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. एखाद्या केंद्राने आधीच चालू असलेल्या पवनचक्कीची वीज वा केवळ तिचे प्रमाणपत्र विकत घेतले, तर वीज दुसऱ्या ग्राहकाच्या नावावरून याच्या नावावर येते; हवेला त्याचा पत्ताही लागत नाही. केंद्रामुळे नवा प्रकल्प उभा राहिला असेल, तरच ते श्रेय त्याचे.

स्वच्छ विजेची किंमत कोण देतो, हे या खोऱ्याला नव्याने सांगावयास नको. ‘हरित ऊर्जा’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी, 1922 मध्ये, कर्जत तालुक्यात भिवपुरी येथे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. घाटमाथ्यावर अडविलेल्या आंध्रा नदीचे पाणी तेथे वीज निर्माण करून उल्हास नदीत उतरते, आणि उन्हाळ्यातही बदलापूरकडे वाहत येते. धुराविना वीज आणि वर पाणीही, असा हा दुर्मीळ योग आहे. परंतु त्याच काळात मुळशी पेट्यात अशाच धरणासाठी सुमारे पन्नास गावांच्या जमिनी जाणार होत्या आणि 1921 मध्ये मावळ्यांना सत्याग्रह करावा लागला. सेनापती बापटांनी त्यासाठी कारावास भोगला. वीज मुंबईला गेली. बारवीची उंची वाढवितानाही मुरबाड तालुक्यातील शेतकरी व आदिवासी कुटुंबांनाच घरे सोडावी लागली.

त्या बारवीचे पाणी हा या प्रश्नाचा तिसरा, आणि येथे सर्वांत महत्त्वाचा भाग. सर्व्हर तापतात, त्यांना थंड ठेवावे लागते. पाण्याच्या बाष्पीभवनाने थंडावा आणणाऱ्या पद्धतीत युनिटमागे एक ते दोन लिटर पाणी लागू शकते. वर घेतलेल्या 1 मेगावॅटच्या केंद्रास या दराने दिवसाला किमान 24,000 लिटर लागतील. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटर या मापाने ते चारशेहून अधिक माणसांचे पाणी होय, आणि मोठी केंद्रे कित्येक पटींनी मोठी असतात. हवेने थंड करणारी यंत्रे पाणी वाचवितात, पण वीज अधिक खातात. सौर पट्ट्या कितीही लावल्या तरी हा भाग हिशेबातून जात नाही.

मार्ग नाही असे नव्हे. दिवसाची वीज रात्रीसाठी राखून ठेवता येते. त्यासाठी बॅटऱ्या आहेत. आणि पाणी वर चढवून हवे तेव्हा खाली सोडणारे 250 मेगावॅटचे घाटघर केंद्र राज्यात 2008 पासून आहे. भिवपुरी येथे याच तत्त्वावर 1,000 मेगावॅटचा प्रकल्प योजिला असून त्यासाठी 2024 मध्ये राज्य शासन व टाटा पॉवर यांच्यात करार झाला आहे. पाण्याबाबत नवी मुंबई महानगरपालिकेने अधिक थेट वाट काढली. ऐरोली व कोपरखैरणे येथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्यापर्यंत प्रक्रिया करणारी, प्रत्येकी दररोज 2 कोटी लिटर क्षमतेची केंद्रे तिने उभारली. ते पाणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील उद्योगांसाठी आहे. यंत्रे थंड करण्यास पिण्याचे पाणी लागत नाही. उद्योग जितके हे पाणी घेतील तितके बारवीचे पाणी नळांसाठी उरेल. मात्र वीज नवी की जुनी, रात्रीची सोय काय, आणि पाणी कोणते, हे करारात व पाणी मंजुरीच्या आदेशात लेखी नमूद व्हावयास हवे. इमारत उभी राहिल्यावर नळजोड बदलणे कोणासही सोपे जात नाही.