गाजर गवतावर गाठ करणारा पतंग आपल्याकडे का सोडला नाही?



गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले. आता बांध म्हणू नका, गावठाण म्हणू नका, सगळीकडे तेच. परदेशात यावर एक पतंग सोडतात, मग तो आपल्याला का मिळत नाही, असे तुम्ही विचाराल.

हा पतंग मूळचा उत्तर अमेरिकेतला. करडा-तपकिरी, नखाएवढा. मादी पानावर अंडी घालते. अळी आधी पान पोखरते, मग शेंड्यातून खोडात शिरते. तिथे खोड फुगून गाठ येते. गाठीत बसूनच अळी खाते, बाहेर पडायची वाट आधी कुरतडून ठेवते आणि मग आतच कोषात जाते. चार ते सहा आठवड्यांत नवा पतंग उडतो. गाठ कोवळ्या रोपाला आली तर वाढ खुंटते, फुले कमी धरतात. धानवाल्या मंडळींना गादमाशी आठवेल; पण ती माशी, हा पतंग.

मेक्सिकोतून नेऊन 1982 मध्ये तो ऑस्ट्रेलियात सोडला आणि तिथे रुळला. आपल्याकडेही त्याच दशकात तो तपासणीसाठी आणला होता. गाजर गवत, सूर्यफूल, कारळा ही सारी एकाच कुळातली. म्हणून पतंग कारळ्यावरही ठेवून पाहिला, तर त्यावर त्याची पिढी पुरी झाली! तेव्हा आणलेली सगळी पैदास नष्ट केली.

आमच्या मते हे योग्यच झाले. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत जिथे दुसरे काही धड येत नाही, तिथे कारळाच घरचे तेल देतो. तणापायी तो कसा घालवायचा? ऑस्ट्रेलियात ही अडचण नव्हती.

आपल्याकडे 1984 मध्ये बंगळूरला सोडलेले मेक्सिकन भुंगे मात्र कामाचे आहेत. पावसाळ्यात ते गाजर गवताची पाने खाऊन झाड उघडे करतात. कोरड्या दिवसांत जमिनीत दडून बसतात. भुंगे दिसतील त्या तणावर कीटकनाशक मारू नका. जिथे नाहीत तिथे सकाळी डब्यात गोळा करून नेऊन सोडा. डब्याला भोके पाडायला विसरू नका.

बाकीचे गवत फुलावर येण्याआधी, पाऊस पडून जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातात प्लॅस्टिकची पिशवी घाला, नाकाला फडके बांधा. याने अंगाला खाज सुटते, काहींना दम लागतो. बिनफुलाचे गवत खड्ड्यात शेणकाल्याबरोबर कुजवता येते. मोकळ्या झालेल्या जागी तरोट्याचे बी फेका, तो याला वर येऊ देत नाही.