कोंडलेली हवा



आपल्या गावात आता पुष्कळांच्या दारात ट्रॅक्टर उभा असतो. मोटारसायकली तर विचारूच नका. चाकात हवा भरायला दर खेपेला फाट्यावर कोण जाणार? म्हणून काही जणांनी हवेचे यंत्र, म्हणजे कॉम्प्रेसर, घरीच आणला आहे. कोणी तो ट्रॅक्टरच्या शेडमध्ये ठेवतो, कोणी गोठ्याच्या कडेला. सोय मोठी आहे, आमची त्याला ना नाही. पण हवा डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीला माणूस भीत नाही. भुताला तेवढा भितो, ते निराळे!

हे यंत्र करते काय? सायकलचा पंप तुम्ही मारलेला आहे. दांडा दाबला की हवा आवळली जाते. इथे तेच काम विजेची मोटर करते आणि आवळलेली हवा लोखंडी टाकीत कोंडते. टाकीवर काटा असतो. घरगुती यंत्रात तो बहुधा ८ पर्यंत चढतो. ८ म्हणजे दर चौरस इंचाला सुमारे ११६ पौंड. टाकीचे तोंड १० इंच रुंद धरा आणि हिशेब करा. त्या एका झाकणावर चार टनांहून जास्त जोर पडतो. ५० किलोची ८० पोती! आणि हे सगळे पेलतो कोण, तर एक पातळ पत्रा.

या पत्र्याचा वैरी बाहेर नसतो, आत असतो. तो म्हणजे पाणी. तुम्ही म्हणाल, हवेच्या टाकीत पाणी आले कुठून? हवेत वाफ असतेच. हवा आवळून पुन्हा निवली की त्या वाफेचे पाणी होते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसेच. पावसाळ्यात हे पाणी जास्त जमते. ते बुडाशी साचते आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून रंग लखलखीत, आत पत्रा पापडासारखा. मग एखाद्या दिवशी टाकी फाटते. जवळ उभ्या असलेल्या माणसाला पळायला सवड मिळत नाही.

यावरचा उपाय फुकटचा आहे. टाकीच्या बुडाशी एक लहान चावी असते. दिवसाचे काम संपले की वीज बंद करावी, दाब बराच उतरू द्यावा आणि ती चावी हळूहळू सोडावी. तांबूस, तेलकट पाणी येईल. नुसती हवा येऊ लागेपर्यंत ते जाऊ द्यावे. गुरांच्या डोणीजवळ मात्र सोडू नये. टाकीला गंजून भोक पडले तर वेल्डिंगचे ठिगळ लावू नका. वेल्डरचा हात कितीही चांगला असो, भोकाशेजारचा पत्राही खाल्लेलाच असतो. ती टाकी भंगारात द्यावी, आणि देताना तिला आणखी एक भोक पाडून द्यावी. नाहीतर कोणीतरी रंग मारून ती पुन्हा विकायचा.

टाकीवर एक पितळी झडप असते, तिला कडी असते. दाब फार वाढला की ती आपोआप उघडते. मधूनमधून, तोंड बाजूला करून, कडी ओढून पाहावी. फुस्स आवाज झाला पाहिजे. झडप गळते म्हणून तिथे बूच ठोकणारे शहाणेही असतात. भगिनींनो, कुकरची शिट्टी दोऱ्याने बांधून तुम्ही तो चुलीवर ठेवाल का?

दुसरे असे, की यंत्र गप्प बसले म्हणजे बंद झाले असे नव्हे. दाब उतरला की मोटर आपली आपण सुरू होते. पट्ट्याला हात लावण्याआधी पिन काढा. पिन तीन पायांची आणि अर्थिंग धड असावे. पेट्रोलचा डबा त्या खोलीत नको. ट्रॉलीच्या चाकाला लोखंडी रिंग असते, ती हवा भरताना उडाली तर तोफेच्या गोळ्यासारखी येते. म्हणून लांब नळी घेऊन चाकाच्या बाजूला उभे राहावे, समोर नव्हे.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. मळणी झाली की अंगावर भुसा बसतो. पोरे नळी घेतात आणि अंग झाडतात. हे अजिबात करू देऊ नका. भुशाचा कण डोळ्यात रुततो, कानाचा पडदा फाटतो, कातडीला जखम असेल तर हवा आत शिरून भाग सुजतो. याहून वाईट एक चेष्टा आहे. बोलायला संकोच वाटतो, पण बोलतो. कोणी वाकलेला दिसला की त्याच्या पाठीमागे नळी धरायची. कपड्यांतूनही हवा गुदद्वारातून पोटात जाते आणि क्षणात आतडे फाटते. अशा चेष्टेत माणसे दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. मारणारा बहुधा मित्रच असतो, आणि हसत असतो.

असे काही घडले आणि पोट फुगून दुखू लागले, तर हिंग-ओवा देत बसू नये. १०८ ला फोन करून मोठ्या दवाखान्यात न्यावे, आणि यंत्राची हवा पोटात गेली आहे हे डॉक्टरांना लाज न धरता सांगावे. मार बसेल म्हणून पोरे हे लपवतात, आणि तेवढ्यात वेळ जातो. तेव्हा त्यांना आजच सांगून ठेवा, की खरे सांगितले तर कोणी रागावणार नाही.